विहिरीच्या वरचा लिंब

"कुठला लिंब, आई?" मी फोनवर विचारले.

"आपला की. विहिरीच्या वरला. तितंच बसलीया. तू जेवलास का?" एवढे बोलून आईचा फोन बंद पडला आणि पुन्हा लागेना.

आमचा लिंब नाही. विहीरही नाही. आमच्या मालकीची आहे ती जुळे सोलापुरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची सदनिका आणि तिच्या सज्ज्यातली कोरफडीची एक कुंडी. विहिरींशी माझा संबंध रोजचा आहे, परंतु त्या सरकारी आहेत. मी भूवैज्ञानिक असून भूजलाचे मोजमाप हे माझे काम आहे, आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी मी कार्यालयात बसून मंद्रूपकडच्या निरीक्षण विहिरींची खालावलेली पातळी आलेखावर पाहत होतो. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होते. कडुलिंबाला आमच्या भागात नुसते लिंब म्हणतात आणि लिंब सोलापुरात रस्तोरस्ती आहेत, त्यामुळे चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई कुठल्याशा लिंबाखाली बसली आहे यात चिंताजनक असे काही नव्हते. 'आपला' आणि 'विहिरीच्या वरला' ही दोन विशेषणे मात्र वस्तुस्थितीशी कुठेच जुळत नव्हती. मी ती मनाशी तपासत होतो तेवढ्यात कीर्तीचा, माझ्या पत्नीचा, फोन आला.

"अहो, आई घरात नाहीत. मी भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात निघून गेल्या. खाली वॉचमन नवनाथला विचारलं तर तो म्हणतो, आज्जी पिशवी घेऊन निघाल्या, म्या इचारलं कुटं, तर म्हनल्या रानात."

"रानात?"

"रानात. इथं कुठलं रान आहे?" ती म्हणाली. "कालचं आठवतंय ना तुम्हाला?"

आठवत होते. कीर्ती शाळेत शिकवते. परीक्षा जवळ आली की सराव घेणे हा तिचा स्वभाव झाला आहे. सोमवारी आईला स्मृतीच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरले होते. गेल्या दोन महिन्यांत आईने दोनदा गॅस सुरू ठेवला होता आणि एकदा मला माझ्या मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारली होती. डॉक्टर काय विचारतात ते कीर्तीला कोणीतरी सांगितले होते, म्हणून काल संध्याकाळी चहा घेताना तिने, आईला दुखावणार नाही अशा बेताने, विचारून पाहिले. आज वार कोणता? आईने बरोबर सांगितला. महिना कोणता? तोही सांगितला, वर वैशाख चालू असल्याची भर घातली. आपण कुठे राहतो? "खाणीवर," आई म्हणाली. "आई, नीट सांगा ना." "नीटच सांगते की. खाणीवर, तिसऱ्या मजल्यावर." कीर्तीने माझ्याकडे पाहिले. मी बिस्किटाचा पुडा उघडण्यात गुंतल्याचे दाखवले. पुढे आई झोपायला गेल्यावर आम्ही हलक्या आवाजात जे बोललो त्याचा सारांश असा की डॉक्टरांनी वाईट सांगितले, तर शाळा सुरू झाल्यानंतर दुपारच्या वेळी दाराला बाहेरून कडी लावावी लागेल. "मला तरी आवडेल का?" कीर्ती म्हणाली होती. मलाही आवडणार नव्हते. परंतु आवडणे हा पुरावा नव्हे, असे मी मनाशी म्हटले होते, आणि ते वाक्य मला बरेच समाधानकारक वाटले होते. आता लिंब, विहीर आणि रान ही आणखी तीन निरीक्षणे कालच्या खाणीच्या ओळीत येऊन बसली. आलेख एकाच दिशेने जात होता.

"मी बुद्धविहाराकडे बघते," कीर्ती म्हणाली, "तुम्ही नाल्याच्या बाजूनं या. लवकर या. पाण्याची बाटली इथंच राहिलीय त्यांची." मग तिचा आवाज जरासा चिरकला. एरवी घरात काही सापडत नसले की ती जो शब्द उच्चारते तो या वेळी तिने उच्चारला नाही. न उच्चारलेला तो शब्द मला ऐकू आला. आमच्या घरी हरवलेली वस्तू 'उंबरापाशी' असते. चष्मा उंबरापाशी असतो, स्कूटरची किल्ली उंबरापाशी असते, एकदा दिवाळीचा अर्धा फराळ उंबरापाशी होता. हा उंबर सोलापुरातला नाही. तो कोस्टा रिकातला आहे, आणि मी त्याला कधीही पाहिलेले नाही, कारण मी तिथे पोचण्याच्या पुष्कळ आधी तो तोडला गेला होता.

स्कूटरची गादी तापून हात लावू देत नव्हती. विजापूर रोडला लागताना वाऱ्याची एक झळ तोंडावर आली आणि कोरड्या जिभेवर धुळीची चव बसली. ज्या देशात रोज दुपारी पाऊस पडायचा त्या देशाची आठवण अशा वेळी येणे तर्काला धरून नाही, पण तहान तर्काला विचारत नाही. दहा वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीवर मी तिथे होतो. दोन अमेरिकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवरचा तो छोटासा देश; एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मधल्या कण्यावर ज्वालामुखी. त्यांतल्या इरासू ज्वालामुखीच्या माथ्यावरून स्वच्छ सकाळी दोन्ही समुद्र दिसतात असे तिथला प्रत्येक माणूस सांगतो. मी पुष्कळदा चढलो. मला प्रत्येक वेळी ढग दिसले. माझे काम त्या उतारावरच्या झऱ्यांचे होते. सोलापूर ज्या काळ्या खडकावर बसले आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे. त्याच्या भेगांतून पाणी कसे वाट काढते हे शिकण्यात माझे तारुण्य गेले. त्या खडकाला मी ओळखत होतो ते मृत म्हणून. तिथे त्याचा एक जिवंत नातलग धूर सोडीत बसला होता, आणि एका सकाळी शेजारच्या तुरियाल्बा ज्वालामुखीने माझ्या दोरीवरच्या ओल्या सदऱ्यांवर करडी राख टाकली तेव्हा मला भीती वाटण्याऐवजी घरातल्या थोरल्या माणसाने केस विस्कटल्यासारखे वाटले. अशा उपमांवर माझा विश्वास नाही. पण वाटले तसे.

मी राहत होतो ते गाव कार्तागोच्या वर, त्या उतारावर होते. घरमालकीण दोन्या एल्विरा. दोन्या म्हणजे आपल्याकडे मोठ्या बाईला अक्का म्हणतात तसे. साठी ओलांडलेली, बुटकी, कॉफी कापडाच्या पिशवीतून गाळणारी, आणि रात्री उरलेला भात सकाळी काळ्या घेवड्यात परतून वाढणारी. पहिल्या दिवशी तो घास तोंडात घेतला आणि फोडणीचा भात जगात आणखी कुठे कुठे असेल असा विचार मनात आला. त्या देशाने लष्कर कधीच मोडीत काढले आहे. एल्विराबाईंच्या कुत्र्याचे नाव मात्र कपितान होते. त्याला त्या, तिथल्या रीतीप्रमाणे, अहो-जाहो करीत. "कपितान, आपण कृपा करून सोफ्यावरून उतरा," असे त्या दिवसातून अनेकदा म्हणत आणि तो उतरत नसे. मे महिन्यात पाऊस सुरू झाला की ते लोक म्हणत, हिवाळा लागला. एवढे सगळे मी स्वीकारले. पत्ता सांगण्याची त्यांची पद्धत मात्र मला स्वीकारता येईना. रस्त्यांना नावे असली तरी कोणी वापरीत नसे, घरांना क्रमांक नव्हते. एल्विराबाईंच्या घराचा पत्ता असा: उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला, शंभर मीटर पूर्वेला, निळे घर. घर पिवळे होते. पूर्वी निळे होते. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, मग ती कितीही लांब असो. आणि उंबर नव्हता. आपल्या उंबराच्या जातीचे एक अवाढव्य झाड तिथल्या चौकात कधीकाळी होते, वठल्यावर ते तोडले, तिथे आता टायरचे दुकान होते. "मग टायरच्या दुकानापासून म्हणा ना," मी एकदा म्हणालो. बाईंनी माझ्याकडे, भाकरी थापता न येणाऱ्या मुलीकडे पाहावे तसे पाहिले. "दुकान कालचं आहे," त्या म्हणाल्या. "ते उद्या जाईल. मग मी पत्ता बदलू?" ही गोष्ट मी परतल्यावर कीर्तीला सांगितली. ती इतकी हसली की उंबर आमच्या घरात राहायला आला.

नाल्याच्या बाजूने मी स्कूटर हळू घेतली. प्रत्येक दुकानापाशी थांबून विचारत गेलो. एक म्हाताऱ्या बाई, हिरवे नऊवारी लुगडे, कपाळ मोकळे, हातात कापडी पिशवी. नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा काचेआडून मान हलवत होता. नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईने पंख्याखालून न उठता विचारले, "फोन नाही का त्यांच्याकडं?" होता, पण बंद पडला होता. लिंब जिथे दिसला तिथे उतरून पाहिले. एका लिंबाखाली रिक्षा उभी होती आणि रिक्षात चालक झोपला होता. दुसऱ्याखाली रसवंतीचे गुऱ्हाळ होते. तिसऱ्याखाली कोणी नव्हते, तरी मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. एवढ्या वयात, एवढ्या उन्हात, पाण्यावाचून शरीर किती वेळ तग धरते याविषयी माझ्याकडे माहिती आहे. ती मी आठवायची नाही असे ठरवले आणि ती ओळीने आठवत गेली.

एका पानटपरीच्या पत्र्याखाली मी घाम पुसायला थांबलो. शेजारी कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो उभा होता, बाजार समितीकडे निघालेला. तापलेल्या कांद्याचा तो जडसर, किंचित गोड, किंचित कुजका वास नाकात शिरला आणि मी इरासूच्या उतारावर उभा राहिलो. तिथेही कांदा पिकतो. परदेशातल्या पहिल्या आठवड्यात मला ओळखीची वाटलेली पहिली गोष्ट तो वास होती, आणि पुढे एका संध्याकाळी धुक्यात वाट चुकलो तेव्हा मला उरली होती तीही फक्त तेवढीच. झऱ्याचे नमुने घेऊन परतताना मी चुकीच्या थांब्यावर उतरलो होतो. धुके इतके दाट की हाताची बोटे पुसट दिसत. जीपीएसचे यंत्र भिजून बंद, फोन मेलेला, भाषा तोडकीमोडकी. वासाच्या आधाराने चालत एका वाण्याच्या दुकानाशी पोचलो आणि तिथल्या फोनवरून एल्विराबाईंना गाठले. "कुठे आहात आपण?" त्यांनी विचारले. मी दिसत होते ते सांगितले: एक दुकान, एक रस्ता, एक खांब. "हे तर सगळीकडे असतं," त्या म्हणाल्या. "दिसतंय ते नका सांगू. आधी तिथं काय होतं ते दुकानवाल्या बाईंना विचारा." मला ते वेडेपणाचे वाटले. तरीही विचारले. दुकानातल्या म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. इथे दुधाची शेड होती, भूकंपात पडली ती, असे ती हात पसरून सांगू लागली. मी तसे फोनवर सांगितले. "मग आधीच सांगायचं की!" एल्विराबाई म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात धुक्यातून एक छत्री, एक कंदिलासारखा पिवळा टॉर्च आणि कपितान असे तिघे प्रकट झाले. घरी नेऊन त्यांनी मला उकळत्या पाण्यात गूळ विरघळवून दिला. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात, असे मी सांगितले. आमच्याकडे पावसातून आलेल्याला, त्या म्हणाल्या. मी आभार मानले. त्यावर तिथे 'त्यात काय' असे म्हणत नाहीत. 'मोठ्या आनंदाने' असे म्हणतात, आणि बहुधा ते खरे असते.

मी टपरीवाल्याकडे वळलो. "इथं आधी काय होतं?" मी विचारले.

"म्हंजे?" तो म्हणाला. "टपरीच्या आधी?"

"कॉलनीच्या आधी. शेत होतं तेव्हा. इथं विहीर होती का?"

त्याने चुन्याचे बोट हवेत थांबवले. कांद्याच्या टेम्पोचा चालक खाली उतरला. आल्या आल्या मी म्हातारीविषयी विचारले तेव्हा ज्यांनी मान वर केली नव्हती ते टपरीवरचे दोघेही आता पुढे सरकले.

"ज्वारी हुती की हितं सगळी."

"ज्वारी कुटली? करडई. माजा चुलता यायचा कापायला, काट्यानं हात सोलून निगायचे."

"ते तिकडं, आसरा चौकाकडं. हितं ज्वारीच. आन् विहीर हुती. दगडी. माजा भाऊ पवायला शिकला तितं."

"तुजा भाऊ अजून शिकतोय म्हन की."

"विहीर कुठं होती?" मी मध्येच विचारले.

"ती काय, बागंखाली. बुजवली की. वर घसरगुंडी बसवलीया नगरसेवकानं. पोरं घसरत्यात, खाली विहीर हाय कुनाला ठावं!"

बाग दोन वळणांवर होती. मी तिथे पोचलो, स्कूटर बंद केली आणि उभा राहिलो. रंग उडालेली घसरगुंडी, दोन झोके, तापलेली वाळू. लिंब नाही, आई नाही. विहिरीच्या वर, असे ती म्हणाली होती. वर म्हणजे कुठे? जमीन आता काँक्रीटची होती, सपाट केलेली, कुंपणांनी कापलेली. पण पाण्याला काँक्रीट समजत नाही. रस्त्याच्या कडेला मागच्या पावसाने सोडलेल्या गाळाच्या रेघा होत्या, त्या सगळ्या नाल्याकडे झुकल्या होत्या. आयुष्यात जे एक काम मला नीट येते ते असे: पाणी जिकडे जाते त्याच्या उलट दिशेला पाहणे. मी उलट दिशेला पाहिले. चढ अगदी हलका होता. त्याच्या टोकाला विजेची डीपी, तिच्याभोवती तारेचे कुंपण, आणि त्याला लागून एक हार्डवेअरचे दुकान. दुकानापुढच्या पत्र्याच्या सावलीत सिमेंटच्या पोत्यांवर हिरवे नऊवारी लुगडे बसले होते.

मी धावलो असे मला आठवत नाही. पण जवळ पोचलो तेव्हा मला धाप लागली होती.

आई भांडत होती. तिच्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात इष्टलिंग असलेला, धोतर नेसलेला एक वृद्ध बसला होता आणि काठीने डीपीकडे बोट करत होता. "आगं येसक्का, लिंब डीपीच्या पाटीमागं हुता. माजं झाड, मला म्हाईत न्हाय?"

"तुला काय म्हाईत, रुद्रप्पा? तू बांधावर बसून हुकूम सोडायचास. खाली आमी बसायचो." आईने पायाने फरशी दाबली. "हितं खोड. ही माजी जागा. हितनं सावली सरकायची ती तिकडं, खड्ड्यापातुर."

"आई," मी म्हणालो.

"आलास? जेवलास का न्हाय?" तिने पिशवीतून फडके काढले. त्यात कडक भाकरी होती आणि शेंगाची चटणी. "ह्यो माजा सिद्धांत. थोरला साहेब हाय. जमिनीतलं पानी मोजतो."

म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "झोळीतलं व्हय हे?" तो म्हणाला. मग कानडी मिसळत, "या, कूडरी, बसा की साहेब."

मी पोत्यावर बसलो. झोळीतला म्हणजे काय, हे विचारायची गरज पडली नाही; आईच सांगू लागली, मला नव्हे, फरशीला सांगितल्यासारखे. वडील, हरिदास, तेव्हा गिरणीत बदली कामगार होते. काम मिळे त्या दिवशी मिळे. ती शहरातल्या वस्तीतून पहाटे चालत इथे खुरपायला यायची, आणि घरी ठेवायला कोणी नव्हते म्हणून मला पाठीशी बांधून आणायची. लिंबाची एक फांदी खाली आली होती. तिला झोळी. सावली सरकली की बायका हातातले खुरपे टाकून झोळी दुसऱ्या फांदीला नेऊन बांधायच्या. "ह्यानं मुतून मुतून लिंब वाढवला बग तुजा," आई रुद्रप्पांना म्हणाली. रुद्रप्पा खोकल्यासारखे हसले. "आन् विहिरीचं पानी लई गोड हुतं," ते म्हणाले. आईने भाकरीचा तुकडा मोडला. "तुमाला गोड लागत आसंल. आमाला तुजी आई, बसम्मा, वरनं वतायची. ओंजळीत निम्मं यायचं. विहिरीचं नाव काडू नगंस." मग जरा वेळाने म्हणाली, "झाडानं कदी इचारलं न्हाय, तू कुनाची." डीपीची घुमघुम ऐकू येत राहिली. रुद्रप्पा उठले, आत गेले, स्टीलच्या तांब्यात पाणी आणि ताटलीत गुळाचा खडा घेऊन आले, आणि तो तांब्या त्यांनी आईच्या हातात दिला. आई तोंड लावून प्यायली.

मी तो लिंब शोधत होतो. म्हणजे असे की माझ्या डोक्यातल्या निरीक्षणांच्या ओळीत अजून एक जागा रिकामी होती आणि ती भरल्याशिवाय मला गप्प बसता येईना. "आई," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "लिंब कुठाय?"

तिने माझ्याकडे पाहिले. एल्विराबाईंनी पाहिले होते तसेच.

"लिंब कुटं ऱ्हायलाय आता? तोडला की डीपीसाटी. मला काय दिसत न्हाय व्हय?" तिने भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "झाड गेलं म्हनून जागा जाती व्हय?"

"आणि खाण?"

"तुमी ऱ्हाता तितं खडीची खानच हुती की, साहेब," रुद्रप्पा म्हणाले. "भरली, वर इमारती उटवल्या. आमी अजून खानीवरच म्हनतो त्येला."

माझे वडील बाबासाहेबांचे नाव घेऊन सांगत, डोळ्याने पाहिल्याशिवाय मानू नको. मी ते वाक्य आयुष्यभर सांभाळले, आणि ते अजूनही मला बरोबर वाटते. पण पाहणारे डोळे दोन ठिकाणांहून पाहू शकतात. आई इथे होती आणि तिथेही होती, आणि कोणते कुठे आहे याविषयी तिच्या मनात गोंधळ नव्हता. एल्विराबाईंच्या गावातल्या एकाही माणसाला उंबर उभा आहे असा भ्रम नव्हता. मी त्यांच्या पत्त्याला विक्षिप्त म्हटले होते, तिच्या पत्त्याला रोग. अर्थात एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही. गॅस दोनदा सुरू राहिला होता, तो राहिलाच होता.

"सांगून का नाही आलीस?" मी विचारले. "आणि आजच का? एवढ्या उन्हात?"

"ऊन तसंच हुतं म्हनून. सज्जातनं रोज ह्यो उतार दिसतो. म्हनायचे मनात, ह्यो आपलाच हाय. एक डाव जाऊन बसावं. पूजा न्हाय, नवस न्हाय, तसलं आपन करत न्हाय. सावली खाल्ली त्येची, बसून यावं फकस्त." तिने गुळाचा खडा दातांखाली फोडला. "आन् सोमवारी डाक्टर. मंग तुमी दाराला भाईरनं कडी लावनार. मला आयकू येतं, बाबा. म्हनलं, त्येच्या आधी जाऊन येते."

मी तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायलो. कडक भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही. "कडी लावणार नाही," मी म्हणालो. "डॉक्टर काही म्हणोत. कुणीतरी घरी थांबेल, नाहीतर तू सांगून जाशील. कडी नाही."

"डाक्टरकडं येते की मी," आई म्हणाली. "ग्यास इसरले ते खरंच हाय."

ती मला दुसरा तुकडा देत होती. शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही मूळची त्या दुसऱ्या खंडाची पिके आहेत, समुद्र ओलांडून आलेली. सोलापूरची चटणी या दोहोंवाचून होत नाही, आणि आपण त्याबद्दल कोणाचे आभार मानल्याचे मला ठाऊक नाही. त्या पत्र्याखाली, डीपीच्या घुमघुमीत, तिखटाने डोळ्यांत पाणी आलेले असताना, मला एकाच वेळी बऱ्याच जणांचे आभार मानायचे होते: छत्री घेऊन धुक्यातून आलेल्या एका बाईचे, दुधाची पडकी शेड आठवणाऱ्या म्हातारीचे, करडई की ज्वारी यावर भांडणाऱ्या चौघांचे, एका तोडलेल्या झाडाचे. यांतले समोर रुद्रप्पा तेवढे होते. "धन्यवाद," मी त्यांना म्हणालो. "फार आभारी आहे."

त्यांनी आईकडे वळून विचारले, "काय झालं गं ह्येला?"

"फारीनला जाऊन आलाय," आई म्हणाली. "तितं म्हनत्यात तसं."

फोन वाजला. कीर्ती. तिचा श्वास ऐकू येत होता. ती कुठेतरी उन्हात चालत होती. "सापडल्या का? अहो, बोला ना! विहारात नाहीत, मी आता चौकीवर..."

"सापडली," मी म्हणालो. "ठीक आहे. पाणी प्यायली. भाकरी खातेय."

पलीकडे तिने नाक ओढले. "कुठं आहात? मी येते. पत्ता सांगा."

मी समोर पाहिले. दुकानाला नावाची पाटी होती, रस्त्याला क्रमांक होता, फोनमध्ये नकाशा होता. "बागेत विहीर आहे ना," मी म्हणालो, "बुजवलेली. तिच्या वरच्या अंगाला ये. लिंबाखाली."

"लिंबाखाली?" ती म्हणाली. मग तिचा आवाज ओलसर झाला आणि त्यात हसू मिसळले. "म्हणजे उंबरापाशी?"

"हो," मी म्हणालो. "उंबरापाशीच."

आईने हातातले फडके झटकले, भाकरीचे कण फरशीवर सांडले. "उंबर कुटला?" ती म्हणाली. "तिला नीट सांग की, सिद्धांत. लिंब हाय ह्यो."